बिनकाट्याचा हलवा

आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींचा परवा फोन आला. म्हणाले, "मॅडम, इंदूवहिनींचा परिचय लिहून द्या. पाच ओळी बस. मंचावर वाचायचा आहे. धैर्य वगैरे जरा येऊ द्या त्यात." मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला आणि 'श्रीमती इंदुमती ढोबळे या अत्यंत धैर्यशील' इथपर्यंत लिहून अडकले. वहिनींनी हे वाचलं असतं तर कागद माझ्या अंगावर भिरकावला असता. त्यांना ओळखणाऱ्या माणसाला आधी आठवते ती त्यांची जीभ. धैर्याचा नंबर बराच नंतर लागतो. सेक्रेटरींना कळवलं की परिचय तुमचा तुम्ही लिहा, आणि हातात पेन होतंच म्हणून हे लिहायला घेतलं.

इंदूरला, पलासियाच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली बिल्डिंग आहे. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, समोरासमोर दारं. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी वहिनी समोरून चहा प्यायला आल्या. खरं म्हणजे शेजारधर्माप्रमाणे त्यांनी चहा आणायचा, पण त्यांनी माझ्याच गॅसवर माझाच चहा करवून घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "पत्ती कमी टाकता की काय तुम्ही? एकदम फीका आहे." मग खिडकीकडे बघून, "तो पडदा वाकडा लागलाय. डावीकडून दोन बोटं वर." मी शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्याच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. तोच धंदा फुकटात करणारी बाई समोर राहते हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

त्यांचे मिस्टर ढोबळेजी उंच, शांत, वीज मंडळातून क्लार्क म्हणून रिटायर झालेले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत स्वार होते, आणि हे ते वर्षातून चार-पाच वेळा तरी सांगत. त्यावर वहिनी म्हणायच्या, "पणजोबा घोड्यावर बसत होते. यांना स्कूटरवर मागे बसायची पण भीती वाटते." ढोबळेजी हसायचे. बायकोच्या बोलण्याचा त्यांना त्रास व्हायचा तो फक्त बाजारात. वहिनी दुकानात शिरल्या की दुकानदाराशी त्यांची खडाजंगी ठरलेली, मग ते आपले बाहेर फुटपाथवर पिशवी घेऊन उभे राहायचे. म्हणायचे, "मॅडम, आत गेलं की मला त्या दुकानदाराची दया येते."

वहिनींचं खरं राज्य म्हणजे संक्रांतीचा हलवा. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीचे आणि बाळाच्या बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने इंदूरच्या निम्म्या मराठी घरांत त्यांच्याकडून जात. डिसेंबरात कोरडी थंडी पडली की मागच्या गॅलरीत शेगडी यायची. शेगडीत निखारे अगदी मंद, वर पितळी परात, परातीत तीळ किंवा साबुदाणा. त्यावर साखरेचा पाक चमचाभर सोडायचा आणि पाचही बोटांनी ते दाणे हलवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. असं पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, रोज, आठ-आठ दिवस. परात किती तापली आहे ते फक्त बोटांच्या टोकांना कळतं. जास्त तापली तर साखर पिवळी पडते, कमी तापली तर दाणा गुळगुळीत राहतो. नेमकी ऊब मिळाली तरच दाण्यावर पांढरा, टोकदार काटा फुटतो, आणि काटा नसेल तर तो हलवाच नव्हे. मी एकदा हौसेने परातीत हात घातला होता. दहा मिनिटांत वहिनींनी माझं मनगट धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गणित करा."

एका डॉक्टरांच्या घरी नव्या सुनेची पहिली संक्रांत होती. मुकुट, हार, बाजूबंद, सगळा सेट तयार, आणि डॉक्टरीणबाई सकाळी घ्यायला आल्या. वहिनींनी मुकुट उजेडात धरला, एका पाकळीवरचे सात-आठ दाणे त्यांना गुळगुळीत वाटले, आणि त्यांनी बाईंच्या देखत कात्रीने तो मुकुट उसवला. बाई रडकुंडीला आल्या. "अहो वहिनी, कोण बघतंय इतकं जवळून!" वहिनी म्हणाल्या, "मी बघितलं ना!" ढोबळेजींनी चष्मा लावून मुकाट्याने पुन्हा सुई ओवली. सून काळी साडी नेसून दोन तास ताटकळली, पण मुकुट गेला तो शंभर नंबरी.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. त्यांना कोणी नावं ठेवली तर त्या भांडत, आवाज चढवत, पण मनातून त्यांना ते आवडे. वरच्या मजल्यावरच्या आजी एकदा म्हणाल्या, "इंदू, हार आखूड झालाय गं." झालं, जिन्यात अर्धा तास जुगलबंदी. दुसऱ्या दिवशी पाहावं तर हार चार बोटं लांब करून आजींच्या घरी पोचलेला, आणि वहिनी दिवसभर कुठलंसं भजन गुणगुणत होत्या.

मग तो बॉम्बस्फोट झाला.

वहिनी आणि ढोबळेजी एका भाच्याच्या लग्नाला परगावी गेले होते. कुठल्या गावी ते लिहीत नाही. लिहिलं की लोक लगेच कुठे, कधी, किती गेले यावर बोलायला लागतात, आणि माणूस बाजूला पडतं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दोघं तिथल्या बाजारात गेले. वहिनी बांगड्यांच्या दुकानात शिरल्या. ढोबळेजी नेहमीप्रमाणे बाहेर उभे राहिले. दुकानाबाहेर कोणीतरी ठेवून गेलेली एक बॅग होती.

वहिनी वाचल्या. पाठीत काचा गेल्या होत्या, आणि दोन्ही हात भाजले होते. डॉक्टरांना वाटलं आगीने भाजले. ते खरं नव्हतं, पण ते मला फार पुढे कळलं. मुलगा मिलिंद बेंगळुरूहून आला, दोन महिने राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आई, आता तिकडे चल." वहिनी म्हणाल्या, "तिकडे कोरडी थंडी पडते का?" तो म्हणाला, "नाही." "मग तिकडे माझं काय काम?" त्याने पुष्कळ समजावलं. शेवटी समोरच्या मॅडम आहेत ना, असं स्वतःलाच सांगत तो परत गेला. समोरच्या मॅडमनी काय दिवे लावले ते आता येईलच.

पहिलं वर्ष सत्कारांत गेलं. आपल्या लोकांना दुःखाचं काय करावं ते कळत नाही, म्हणून ते त्याला शाल पांघरतात. मंडळ, महिला शाखा, कॉलनी समिती, कुठली कुठली व्यासपीठं. वहिनींकडे अकरा शाली जमल्या. प्रत्येक ठिकाणी मी सोबत. एका कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, "दहशतवादाला हरवणाऱ्या वीरांगना!" टाळ्या झाल्या. वहिनी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "हरवलं मतलब काय? मी तर बांगड्या बघत होते." चॅनेलचा एक मुलगा माइक घेऊन घरी आला. "अम्माजी, उस वक्त आपको कैसा लगा?" वहिनींनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटा, तुम्हारी कॉलर उलटी है." तो हसला, त्याने कॉलर सरळ केली आणि त्यांना वाकून नमस्कार केला. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "बघितलंत? पूर्वी असं म्हटलं की लोक चिडायचे."

हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. एकदा त्यांच्याबरोबर सियागंजला गेले, साखर आणि तीळ घ्यायला. मी दुकानाबाहेर थांबणार होते, आत फार गर्दी होती. वहिनींनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "बाहेर नाही उभं राहायचं. आत या." पकड इतकी घट्ट होती की वळ उठला. तेव्हापासून मी कुठल्याही दुकानाबाहेर थांबत नाही, एकटी असले तरी. तो दुकानदार वहिनींचा तीस वर्षांचा दुश्मन. साखर ओलसर आहे, तीळ जुने आहेत, यावरून दर डिसेंबरात तंटा. त्या दिवशी वहिनींनी साखर चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "भिया, ये तो गीली है." तो पूर्वी म्हणाला असता, "अम्मा, आपकी उंगलियाँ गीली हैं." आता त्याने गल्ल्यावरून उठून हात जोडले. "आप जो बोलो सही है, माताजी. पहले माताजी का सामान निकालो रे!" लोक बाजूला झाले. वहिनी रिक्षात ती साखर पुन्हा पुन्हा चिमटीत धरून पाहत राहिल्या. साखर खरं तर कोरडी ठणठणीत होती. वहिनींच्या बोटांना ते कळलंच नव्हतं.

मला हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी ते डिसेंबरात पाहिलं. गॅलरीत पुन्हा शेगडी आली. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना आनंद झाला, वहिनी सावरल्या म्हणून. मी सकाळी डोकावले. त्या खाली मान घालून दाणे हलवत होत्या, आणि मला वास आला. साखर करपण्याचा नव्हे, वेगळाच. परात चटका बसेल इतकी तापली होती आणि त्यांची बोटं तिला टेकलेली होती. "वहिनी, हात!" मी ओरडले. त्यांनी हात वर घेतला आणि कोणा दुसऱ्याचा हात असावा तसा उलटासुलटा करून पाहिला. म्हणाल्या, "हां. ही टोकं काम करत नाहीत आता." आणि पदराने पुसून हात पुन्हा परातीत घातला. त्यानंतर त्यांनी निखारे फार कमी ठेवले. भाजायचं थांबलं, पण दाणा गुळगुळीत राहिला, होमिओपॅथीच्या गोळीसारखा.

तरीही ऑर्डरी आल्या. कधी नव्हत्या इतक्या आल्या. सगळ्या मराठी घरांतून निरोप, वहिनींकडूनच घ्यायचं. लोक दागिने नेत, "वा वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही" म्हणत, आणि घरी जाऊन ते डब्यात ठेवत. नवरीच्या अंगावर पुण्याहून मागवलेला सेट चढे. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांनी तेच केलं. माझ्याकडे वाटी आली तेव्हा मीही दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "छान झालाय."

त्या माझ्याकडे नको इतका वेळ बघत राहिल्या. "छान?"

"हो, छान."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर लाल रेघा ओढल्या, अर्ध्या मार्कासाठी आयांशी वाद घातले, आणि त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

पुढच्या संक्रांतीला माझी मुलगी केतकी पुण्याहून आली, तिच्या बाळाचं बोरन्हाण इथे करायचं म्हणून. केतकी म्हणाली, "आई, वहिनीमावशींचा हलवा घालायचा का खरंच? फोटो काढायचेत गं." तिने येताना पुण्याचा सेट आणलाच होता. वहिनींनी तर महिनाभर आधीच बाळाचं माप पुण्याहून मागवून घेतलं होतं, मुकुट, हार, बासरी, कमरपट्टा. मग मी एक युक्ती काढली. आजही ती आठवली की मला माझी लाज वाटते. बायकांना चार वाजता बोलवायचं, पुण्याच्या दागिन्यांत फोटो काढून घ्यायचे. वहिनींना सांगायचं पाच. पाचच्या आत बाळाचे दागिने बदलायचे. कोणाचं मन दुखवायला नको.

वहिनी साडेचारलाच आल्या. चहा करायला, ताटं लावायला कोणी लागेल म्हणून. दार उघडंच होतं. बाळ पाटावर बसलं होतं, डोक्यावर पुण्याचा मुकुट, पांढराशुभ्र, काटेरी. वहिनींचा डबा कपाटावर बंद. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या.

वहिनी पुढे आल्या, खाली बसल्या, बाळाला ओवाळलं, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले. बाळ खिदळलं. मुकुटाला बोट लावून त्या म्हणाल्या, "काटा सुरेख आहे. कोणी केलाय?" केतकी रडायला लागली. वहिनींनीच तिची समजूत काढली.

मग मी स्वयंपाकघरात गेले, आणि त्या मागोमाग आल्या. मी म्हटलं, "वहिनी, मला माफ करा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला दिसत नाही असं वाटलं तुम्हाला? बोटं गेलीत, डोळे आहेत. पहिल्या दिवसापासून दिसतंय मला, कसला फालतू हलवा झालाय ते."

"मग तुम्ही दिलात का?"

"वाट बघत होते. कोणीतरी परत आणून तोंडावर मारेल म्हणून. दोन संक्रांती झाल्या, मॅडम. कोणी नाही आलं. वरच्या आजी पण 'छान' म्हणाल्या." त्यांनी ओट्याला हात टेकला. "मेलेल्या माणसालाच कोणी नावं ठेवत नाही. मला वाटायला लागलं, यांच्याबरोबर मी पण गेले की काय. मी आहे ना इथे? सांगा ना."

बाहेर बायका बाळाच्या फोटोसाठी हाका मारत होत्या. वहिनी त्यांच्यामधून वाट काढत निघून गेल्या.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्या जिन्यात भेटल्या की "नमस्कार" म्हणायच्या, बस. माझे मिस्टर जाऊन दहा वर्षं झाली, ते अंथरुणावर गेले, सगळ्यांच्या देखत, रीतसर. एकटं राहायची मला सवय आहे असं मी समजत होते. पण समोरचं दार बंद आणि आत माणूस आहे, हा एकटेपणा मला नवा होता. सकाळी दूधवाल्याशी त्यांचा वाद ऐकू येत नसे. मंडळाचं बोलावणं त्या परत पाठवत. अकराच्या अकरा शाली त्यांनी वॉचमनला देऊन टाकल्या, आणि तो थंडीत रोज वेगळी शाल पांघरून गेटवर बसायचा.

या डिसेंबरात एक दिवस सकाळी सातला बेल वाजली. दारात वहिनी, हातात वाटी.

"तपासा," म्हणाल्या.

मी वाटीत पाहिलं. गुळगुळीत. दाणा जिभेवर ठेवला.

"नाही आला काटा," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि वरचा थर पिठूळ आहे. नापास."

"हं," म्हणाल्या, वाटी घेतली आणि गेल्या. मी दार लावून घेतलं. तिकडून शेगडीत कोळसे ओतल्याचा आवाज येत होता.

मग ते रोजचंच झालं. सकाळी सातला वाटी. वहिनींना स्वतःला सगळं दिसत होतं, माझ्या निकालाची तशी गरज नव्हती. पण त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मला ते म्हणायला शिकायचं होतं. "चिकट आहे." "एका बाजूला जाड." "आज बरा, पण बरा म्हणजे पस्तीस." त्यावर त्या बजावत, "ग्रेस मार्क देऊ नका हं." एकदा मला खोकला झाला होता आणि मी घाईत "चांगला आहे" म्हणून गेले. त्या तासाभराने परत आल्या. "नीट बघून सांगा. सकाळी तुम्ही झोपेत होतात."

दाणे हलवायची रीत त्यांनी बदलली नाही, पण परात जोखायची जागा बदलली. बोटांनी दाणे हलवायचे आणि दर चार-पाच फेऱ्यांनी मनगटाची आतली बाजू परातीच्या काठाला टेकवायची. तिथली कातडी शाबूत होती. मनगटावर बारीक बारीक डागांची रांग उठली होती. मी मलम दिलं तर म्हणाल्या, "लावलं तर चटका कसा कळणार?"

एका सकाळी त्या वाटी घेऊन जिन्याच्या पायरीवरच बसल्या. हात पुढे करून बोटांच्या टोकांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात आगीने भाजले. आगीने नाही. दुकानावरचा पत्रा यांच्यावर पडला होता. तापलेला. मी तो उचलत होते." मग बोटं मिटून, "दोन्ही हातांनी उचलत होते, पण उचलला गेला नाही." मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी वाटी माझ्यासमोर धरली, मी दाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "गुळगुळीत." "माहितीय," म्हणाल्या आणि उठल्या.

संक्रांत दोन दिवसांवर आली. त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. बेल नेहमीपेक्षा जोरात वाजली. मी दार उघडलं. वहिनींनी वाटी पुढे केली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, निकालाच्या दिवशी मुलं राहतात तशा.

वाटीत काटा होता. एकेका दाण्यावर, चहूबाजूंनी, बारीक, टोकदार. मी दाणा जिभेवर ठेवला आणि तो टोचला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वा वहिनी, जिंकलात, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी वाटी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि पाहिलं. हलवा किंचित पिवळट होता. परात थोडी जास्त तापली असणार. पूर्वीच्या वहिनींनी असा हलवा घराबाहेर जाऊ दिला नसता.

"काटा आलाय," मी म्हटलं.

त्या वळल्या. चेहरा असा उजळला होता की मी तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले.

"काटा आलाय, पण रंग पिवळट आहे."

"काय?"

"पिवळट. परात जास्त तापलीय."

"पिवळट?" वहिनींचा आवाज एकदम तारस्वरात गेला. "हा पिवळट? तुमच्या चष्म्याच्या काचा पिवळ्या पडल्यात, त्या पुसा आधी! चाळीस वर्षं पोरांच्या वह्या लाल केल्यात, अजून हौस नाही फिटली? काट्याकडे बघा जरा, काट्याकडे!"

"बघितला काटा. काट्याला मी पूर्ण मार्क दिलेत. रंगाचे कापलेत."

"कापणाऱ्या तुम्ही कोण! स्वतःचा चहा धड होत नाही आणि माझ्या हलव्याचा रंग काढतात! एकदम पागल झाल्यात का तुम्ही?"

"चहाचा इथे काय संबंध?"

"बिल्कुल संबंध आहे!"

वरून आजी कठड्याला टेकून विचारायला लागल्या, "काय झालं गं? काय झालं?" खालून वॉचमन शाल सावरत जिना चढून आला. "क्या हुआ, अम्माजी?" वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "कुछ नहीं हुआ! मॅडम का दिमाग खराब है!" आणि आपल्या घरात शिरून त्यांनी दार असं आपटलं की माझ्या दारावरचं तोरण हललं.

आजी वरून हसत होत्या. मीही हसत होते, हातात वाटी तशीच होती. म्हटलं, वाटी तरी परत द्यावी. त्यांच्या दारापाशी गेले.

आतून आवाज आला. तोच चढलेला, तावातावाचा. "अहो, ऐकलंत का? पिवळट म्हणतेय! तुम्ही बघा बरं इकडे, आणि सांगा. पिवळट आहे का हा?"

आणि मग काहीच नाही. पंख्याचा नाही, भांड्याचा नाही, कसलाच आवाज नाही.

माझा हात बेलपर्यंत गेला होता. तो मी मागे घेतला. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता.